जर्किनला खळ

आमच्या लॉन्ड्रीत जर्किन घेऊन येणारा प्रत्येक माणूस एकच खोटं बोलतो. काउंटरवर जर्किन टाकतो आणि म्हणतो, "गळतं." मुद्दाम खोटं बोलत नाही बिचारा, त्याला खरोखरच तसं वाटत असतं. मी विचारते, "कुठून गळतं?" तो पाठ दाखवतो, काख दाखवतो, एखादा छातीवर हात ठेवतो. मग मी जर्किन उलटं करते, आत तांब्याभर पाणी ओतते आणि त्याच्यापुढे धरते. बाहेर एक थेंब येत नाही. तो पाण्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "मग मी ओला कसा होतो?"

"घामानं," मी सांगते. इथं निम्म्यांना राग येतो. भर पावसात घाम येतो असं कुणी बाईनं सांगितलेलं पुरुषांना आवडत नाही.

आमचं परटाचं घर. जळगावात लॉन्ड्री सासऱ्यांनी काढली, आम्ही तिच्यात मशीन आणली, ड्रायर आणला. मी लग्न होऊन आले तेव्हा पांढऱ्या कपड्यांचे दिवस होते. धोतरं, सदरे, टोप्या, डॉक्टरांचे कोट. आता ते कमी झाले आणि गेल्या काही वर्षांत ही महागडी जर्किनं यायला लागली. कुणी मोटारसायकलवर लडाखला जाऊन आलेला, कुणी साक्रीकडच्या पवनचक्क्यांवर चढणारा, कुणाचा मुलगा परदेशात. ती साध्या रेनकोटासारखी नसतात. रेनकोट म्हणजे प्लास्टिकची पिशवी; पाऊस आत येत नाही आणि घाम बाहेर जात नाही. या जर्किनांच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला भोकं असतात, पण इतकी बारीक की पाण्याचा थेंब त्यातून शिरत नाही आणि घामाची वाफ मात्र निघून जाते. त्यावर बाहेरचं कापड, आणि त्या कापडाला असा एक हात दिलेला असतो की पाणी त्यावर मोत्यासारखं उभं राहतं आणि घरंगळून जातं. सगळी गंमत त्या वरच्या हातात आहे. मळानं, धुरानं, अंगाच्या तेलानं, चुकीच्या साबणानं तो हात निकामी झाला की बाहेरचं कापड पाणी पितं आणि ओल्या गोधडीसारखं अंगावर बसतं. पाऊस तरीही आत येत नाही, पडदा शाबूत असतो. पण वाफेची वाट बंद होते, ती आतच थंड होऊन पाणी होते, आणि माणूस म्हणतो जर्किन गळतं.

आमचं काम तो हात परत आणायचं. कोमट पाणी, त्याचा वेगळा साबण, चेन लावलेल्या, खिसे रिकामे. पावडर नाही, आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी तर मुळीच नाही. ते घातलं की जर्किन मऊ होतं, वासही छान येतो आणि पावसात स्पंजासारखं भिजतं. मग साबणाचा अंशही उरणार नाही इतकं खळबळायचं. मग ड्रायरमध्ये मंद आच. पुष्कळदा नुसत्या उबेनंच जुना हात जागा होतो, आणि तो जागा होताना बघायला मला अजूनही आवडतं. नाहीच झाला तर वरून नवं औषध फवारायचं, जास्तीचं पुसायचं, पुन्हा ऊब द्यायची. यात जादू काही नाही, पण घाईही चालत नाही.

हे मी कुणाकडे शिकले नाही. जर्किनच्या आत शिवलेली चिठ्ठी सुनेकडून वाचून घेतली, पवनचक्कीवाल्या एका साहेबानं चार गोष्टी सांगितल्या आणि बाकीचं चुकत चुकत आलं. माझ्या आधी गिऱ्हाइकांनी केलेल्या चुका बघूनही पुष्कळ शिकले. रावेरकडचे एक भाऊ आले होते. मुलानं पाठवलेलं जर्किन घालून केळीच्या बागेत गेले, बाहीवर चीक पडला. केळीच्या चिकाचा डाग म्हणजे जन्माचा सोबती. "निघेना म्हून पेट्रोल लावलं थोडंसं," भाऊ म्हणाले. आतला पडदा दुधाच्या सायीसारखा सुटून हातात आला होता. मी सांगितलं, आता याला देवसुद्धा काही करू शकत नाही. भाऊ म्हणाले, "मग कडक इस्त्री तरी मारून द्या, लग्नात घालतो." खानदेशात कपडा कामाचा उरला नाही तरी चालतं, त्याची घडी मोडता कामा नये.

त्या कडक घडीचे महाराज म्हणजे आमचे आबा, माझे सासरे. वय एक्याऐंशी. मूळचे धुळ्याकडचे, घरात अजून अहिराणी बोलतात. आबांच्या हातच्या खळीचं नाव जळगावात होतं. खळ शिजताना ते दोन बोटांत धरून बघत आणि बोटं उघडताना तार किती ताणते त्यावरून सांगत, ही धोतराची, ही सदऱ्याची, ही टोपीची. त्यांनी खळ दिलेला सदरा घालून माणूस खुर्चीत बसला की सदरा कुरकुरायचा. मोठमोठे पुढारी सभेच्या आदल्या दिवशी कपडे घेऊन यायचे. आता तसे कपडे आठवड्याला पाच-सहा येतात, तेवढेच आबा करतात आणि उरलेला वेळ दुकानाच्या मागच्या पडवीत बाजेवर बसून माझ्या जर्किनांकडे संशयानं बघतात. "काय ते लुळं कापड," म्हणतात. "त्याले काही जीवच नही."

आता त्या जर्किनकडे येते ज्यासाठी हे लिहायला बसले.

आषाढातली गोष्ट. बुधवारी सकाळी मनीषा सिस्टर आली. नशिराबादची पोर, तिची आई माझ्या ओळखीची. शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यांवर ती आरोग्यसेविका आहे. रस्ता असेल तिथवर गाडीनं जायचं, पुढं चालत. लशींचा डबा खांद्याला, बाळंतिणी, तान्ही पोरं, साप चावलेले, सगळं तिच्याच नावावर. पावसाळ्यात तिकडं चार महिने अंगावरचं वाळत नाही. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला त्यांचं वापरलेलं जर्किन दिलं होतं. दोन पावसाळे चांगलं चाललं, तिसऱ्यात ती आतून भिजायला लागली. दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या खेपेस डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं तर फुप्फुस साथ देणार नाही, खाली शहरात बदली घे. आई तर हात धुऊन मागं लागली होती.

"काकू, रविवारी मले परत जा लागते," सिस्टर म्हणाली. "हे जर्किन कामाचं झालं तर मी जाते. नाही झालं तर बदली घेते. आईला तसा शब्द दिलाय."

"आणि तुझ्या मनात काय आहे?"

ती हसली नाही. म्हणाली, "माझ्या जागी तिकडं कुणी येत नाही, काकू. आधीची जागा दीड वर्ष रिकामी होती."

म्हणजे एका जर्किनवर किती माणसं टांगली होती बघा. मी बाहीवर पाणी टाकलं, कापडानं ते मिटक्या मारत प्यायलं. चुलीच्या धुराचा वास नाकात गेला. पडदा मात्र धड होता, शिवणीवरच्या पट्ट्याही धड होत्या. मी म्हटलं, "रविवारी सकाळी ये. जर्किन तयार असेल." असा शब्द मी सहसा देत नाही.

बुधवारी दोनदा धुतलं. धूर निघाला, मळ निघाला. गुरुवारी सकाळी वाळवून औषध मारायचं होतं, तर ड्रायरचा पट्टा तुटला. त्या बनावटीचा पट्टा धुळ्यात एकाच दुकानात मिळतो. जर्किन पडवीत हँगरला लावलं आणि मी एसटीनं धुळ्याला गेले. जाताना सुनेला, रूपालीला, सांगितलं की त्याला हात लावू नको. आबांना सांगितलं नाही. आबा त्याला हात लावतील असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

संध्याकाळी पट्टा घेऊन परत आले तर पडवीत ते जर्किन उभं होतं. लटकत नव्हतं, उभं होतं. दोन्ही बाह्या ताठ, बाह्यांवर सुरीसारखी घडी, गळ्याची पट्टी हवालदाराच्या टोपीसारखी. शेजारी आबा बसलेले, चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी तो जुना तजेला.

"देख शोभा," आबा म्हणाले, "सिस्टरनं जर्किन कसं उभं राहिनं!"

मला आधी कळेचना. मग हात लावला आणि बोटांना खळ लागली. पाड्यावरच्या सिस्टरची गोष्ट आबांनी बुधवारी पडवीतून ऐकली होती. पोर इतकं काम करते आणि तिचं कापड असं लुळं, म्हणून त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं जे होतं ते तिला दिलं होतं. सदऱ्याची खळ, आपल्या हातानं शिजवून. खळीला पाणी किती प्रिय असतं ते वेगळं सांगायला नको. जे कापड पाणी झटकून टाकायचं, त्याच्या धाग्याधाग्यात त्यांनी पाण्याचा पाहुणचार मांडून ठेवला होता.

मी तोंड सोडलं. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी सोडलं. "आबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तुमच्या खळीपायी ती पोर मरायची!" एवढं बोलले. तीस वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. आबांनी जर्किनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आते कोना कपडाले हात लावाव नही मी." आणि खळीचं पातेलं घासून फळीवर पालथं घातलं.

शुक्रवार सगळा माझा त्या जर्किनशी झटापटीत गेला. चार वेळा धुतलं. ताठपणा गेला, दिसायला अगदी पहिल्यासारखं झालं. ड्रायरमध्ये फिरवलं, औषध मारलं, ऊब दिली, पाणी टाकलं. पाणी क्षणभर उभं राहिलं आणि खाली बसलं. खळीचा अंश धाग्यात चिकटून राहिला होता आणि त्याच्यावर औषध धरत नव्हतं. उकळत्या पाण्यानं ती निघाली असती, पण उकळतं पाणी लागलं की आतल्या पट्ट्या सुटतात आणि मग जर्किन खरोखरच गळतं. रात्री जेवण गेलं नाही. सिस्टरच्या आईला काय वाटेल याचा विचार करत होते. खरं तर तिला बरंच वाटलं असतं.

शनिवारी सकाळी मी जर्किन पाण्यात घालून नुसती बघत बसले होते. आबा काठी टेकत आले. बादलीपासून चार हात लांबच उभे राहिले.

"शोभा, कोरं मांजरपाट येये ना धुवाले," ते म्हणाले, "त्यानी खय काय उकाळीसन काढूत का आम्ही?"

मी मान वर केली. कोऱ्या कापडाला विणतानाच खळ लावलेली असते आणि ती काढल्याशिवाय कापड पांढरं होत नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. कशी काढत ते कधी विचारलं नव्हतं. माझ्या काळापर्यंत ते काम संपलं होतं.

"मग कशी काढायचे आबा?"

"मोड येल दादरनं पानी. खय खाई जास ते पानी."

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिला मोड आणायचे, कुटायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि त्या पाण्यात कोरं कापड रात्रभर बुडवून ठेवायचं. सकाळी खळ गेलेली असायची आणि कापडाला काही इजा नाही. आबांच्या वडलांची ही रीत. मी म्हटलं, आबा, मोड यायला किती दिवस लागतील? "तीन दिन," आबा म्हणाले आणि बाजेवर जाऊन बसले. रविवार उद्यावर होता.

मागून रूपाली म्हणाली, "आई, बाळाचं पीठ?"

माझी नात सात महिन्यांची. तिच्या पेजेसाठी रूपाली ज्वारी आणि नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवते. डबा भरलेला होता. रूपालीनं बीएस्सी केलंय, ती म्हणाली, "मोडांमध्ये जे असतं ना, ते पिठाची साखर करतं. साखर पाण्यात विरघळून जाते. आबा बरोबर सांगताहेत." आबांना साखरेचं काही माहीत नव्हतं, पण एका शिकलेल्या पोरीनं आपल्याला बरोबर म्हटलं हे त्यांना कळलं. बाजेवर जरा सरळ होऊन बसले.

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं आणि मी केलं. त्यांनी कशालाही हात लावला नाही. पाणी किती ऊन हवं ते विचारलं तर म्हणाले, बाळाच्या आंघोळीपेक्षा जरा जास्त, बोट बुडवून धरता आलं पाहिजे. पीठ कालवलं, खाली बसू दिलं, वरचं निवळ पाणी फडक्यानं दोनदा गाळून घेतलं. "पीठ कपडावर जावाले नको," ते दर पाच मिनिटांनी बजावत होते. जर्किन त्यात बुडवलं. पाणी निवलं की थोडं ऊन पाणी घालायचं, असं दुपारपर्यंत चाललं. मी मधूनमधून कापड चिमटीत धरून त्यांच्यापुढे नेत होते. ते नुसतं बघत आणि मानेनं नाही म्हणत. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "आबा, बघून काय कळतं? हात लावून सांगा." त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग दोन बोटांत ती बाही धरली, चोळली, बोटं उघडली. तार नव्हती.

"गयी," म्हणाले आणि हात धोतराला पुसला.

सहा पाण्यांतून काढलं, साबणानं धुतलं, पुन्हा खळबळलं. नव्या पट्ट्याचा ड्रायर, मंद आच. औषध मारलं, पुसलं, पुन्हा ऊब. दिवेलागणीला मी बाहीवर ओंजळभर पाणी टाकलं. पाण्याचे मणी झाले, कडेपर्यंत पळाले आणि फरशीवर पडले. बाही कोरडी. मी पुन्हा टाकलं, मग रूपालीनं टाकलं, मग नातीची ओली मूठ लावून बघितली. आबा लांबून बघत होते.

या धंद्यात माणसाला स्वतःच्या हाताचा अभिमान फार असतो, मलाही आहे. पण त्या दिवशी मला कळलं की आपल्याला जेवढं येतं त्याच्या कितीतरी पट आपल्या पडवीत बाजेवर बसलेलं असतं आणि आपण त्याला वर्षानुवर्षं फक्त चहा नेऊन देतो. मी आबांची माफी मागायला हवी होती. आमच्या घरात तसा रिवाज नाही. त्या संध्याकाळी चहात दूध जास्त घातलं, एवढंच. ते मला अजून सलतं.

रविवारी सकाळी सिस्टर आली. मी ठरवलं होतं की झालं गेलं काही बोलायचं नाही. गिऱ्हाइकाला घरातल्या भानगडी कशाला? जर्किन तिच्या हातात दिलं, तेवढ्यात आबा पडवीतून उठून काउंटरपाशी आले.

"पोरी, हाई जर्किन मी बिघाडं व्हतं," म्हणाले. "खय दिन्ही मी त्याले. शोभाना काही दोष नही. आते चांगलं शे, पण तुले ठाऊक पाहिजे. तुना जीव त्यानावर शे."

मी जमिनीकडे बघत होते. सिस्टरनं जर्किन अंगात घातलं, चेन लावली आणि बाहेर गेली. पाऊस चांगला लागलेला होता. दुकानासमोर ती दहा मिनिटं उभी राहिली, हात पसरून, वळून, वाकून. रस्त्यावरची माणसं बघायला थांबली. आत आली तेव्हा जर्किन झटकलं, सगळं पाणी फरशीवर. तिनं आतून पाठीला हात लावून बघितला. मग आबांच्या पाया पडली आणि एसटी स्टँडकडे निघून गेली.

त्यानंतर चार महिने काही निरोप नाही. तिकडं फोन लागत नाही, आणि मी तिच्या आईला विचारायला धजावत नव्हते. आबांनी शब्द पाळला. पांढरे कपडे यायचे, मी त्यांच्यापुढे नेऊन ठेवायची, ते म्हणायचे, "तूच कर." मी दिलेली खळ गिऱ्हाइकं मुकाट्यानं नेत होती, पण त्यांच्या तोंडावरून मला कळत होतं.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सिस्टर आली. वाळलेली, काळवंडलेली, डोळे मात्र टवटवीत. काउंटरवर जर्किन टाकलं. लाल मातीनं माखलेलं, एका बाहीला काट्यानं ओरखडा.

"ताप आला होता का?" मी आधी तेच विचारलं.

"आला होता की. एकदा. दोन दिवस."

मी लगेच बाही उलटून बघायला लागले. म्हणजे जर्किन फसलं तर.

"नाही हो काकू," ती म्हणाली. "त्या दिवशी मी घातलंच नव्हतं. पाड्यावरून एक अडलेली बाई झोळीतून खाली आणत होतो. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. तिला हुडहुडी भरली, म्हणून जर्किन तिच्या अंगावर घातलं. तीन तास लागले रस्त्यापर्यंत. मी भिजणारच ना मग."

आबा पडवीतून ऐकत होते. काठी न घेताच उठून आले.

"ती बाई कोरडी राहिनी का?" त्यांनी विचारलं.

"कोरडी राहिली आबा. गाडीत घेतली तेव्हा अंगाला ऊब होती तिच्या. पोरगी झाली. दोघी चांगल्या आहेत."

माझ्या डोळ्यांना धार लागली. काउंटरवर गिऱ्हाईक होतं, तरी लागली. जी पोर कोरडी राहावी म्हणून आम्ही घर डोक्यावर घेतलं, तिनं ते काढून दुसरीला घातलं होतं, आणि ते तिला सांगण्यासारखंही वाटत नव्हतं. मी नाक पुसलं आणि विचारलं, "मग आता बदलीचं काय?"

"कसली बदली?" सिस्टर म्हणाली. "काकू, सोमवारच्या आत द्या. थंडीतही लागतं मले वर."

मी जर्किन घ्यायला हात पुढं केला. आबांनी ते आधीच उचललं होतं आणि एकेक खिसा उलटा करून माती झटकायला सुरुवात केली होती.